जवळ जाणे आणि जवळून पाहणे



गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजातील काही मुलांना घेऊन मी ताडोबाला गेलो होतो. मोहर्लीच्या फाटकातून आत शिरल्यावर तासाभरातच रस्त्यालगत एक वाघीण दिसली. पाहता पाहता दहा-बारा जिप्सी गाड्या तेथे गोळा झाल्या. परतल्यावर मी मुलांना विचारले, "वाघीण किती जवळ होती?" सगळे एका सुरात म्हणाले, "वीस फुटांवर!" मग विचारले, "ती काय करीत होती?" कोणालाच नीट सांगता येईना. शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तिला रस्ता ओलांडायचा होता. ती दोनदा पुढे आली आणि दोनदा मागे फिरली."

त्या दिवशी खरे निरीक्षण केले ते या एकटीने. आणि तिने जे पाहिले, तो वाघिणीचा स्वभाव नव्हता. तो आपल्या गाड्यांचा परिणाम होता!

मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून एक साधा प्रयोग सांगतो. परीक्षानळीत थोडेसे गरम पाणी घ्या व त्यात थंड तापमापक बुडवा. तापमापक त्या पाण्यातलीच काही उष्णता घेऊन तापतो. म्हणजे जे तापमान आपण वाचतो, ते त्यानेच थोडे उतरवलेले असते. ज्याचे मापन करावयाचे त्याला शक्य तितका कमी धक्का लावावा, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा. तो जंगलाच्या फाटकाबाहेर ठेवून आत जावयाचे का?

आफ्रिकेतील सेरेंगेटीचे सिंह तुम्ही चित्रपटांत पाहिले असतील. तेथे मोकळे गवताळ माळ आणि कळपाने राहणारे सिंह. आपल्याकडे साग-बांबूचे दाट रान आणि एकट्याने हिंडणारा वाघ. जॉर्ज शॅलर या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात आधी कान्हाच्या वाघांचा व नंतर सेरेंगेटीच्या सिंहांचा अभ्यास केला. दोन्हीकडे त्यांना उपयोगी पडली ती चिकाटी आणि नोंदवही.

मग जवळून पाहावयाचे तरी कसे? आठपट दुर्बिणीतून ८० मीटरवरचा वाघ १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. वाघाच्या दृष्टीने मात्र आपण ८० मीटरवरच असतो. याहून चांगला सौदा कोणता? दुसरे साधन म्हणजे पायवाटेवर लावलेला कॅमेरा ट्रॅप. वाघाच्या उबदार शरीरातून अवरक्त किरण निघतात. तो समोरून गेला की संवेदकाला त्यांतील बदल कळतो व छायाचित्र निघते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या बाजूचेही सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. माणूस जवळ नसतानाही वाघाची ओळख पटते!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांतील माणसे मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला रानात जातात. वाघ जवळून दिसणे ही त्यांच्या दृष्टीने मौज नव्हे, जिवावरचा प्रसंग आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या पाहणीसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जंगल रोज पायाखाली घालणाऱ्यांची ही कथा! वाघ कोणत्या वाटेने आणि केव्हा जातो हे दुरून कळणे, ही या लोकांची खरी गरज आहे.

पर्यटन बंद करा, असे मी म्हणत नाही. गाइड आणि चालक यांची चूल त्यावर पेटते. पण चालक गाडी पुढे दामटतो तो कोणासाठी? आपल्यासाठीच. "आणखी जवळ घ्या" असे म्हणणारे आपणच असतो. आपण "इथेच थांबवा" म्हणालो, तर त्याला पुढे जाण्याचे कारण उरणार नाही.

याचा सराव घरीच करा. अंगणात साळुंकी उतरली की दहा मीटरवर स्वस्थ बसा आणि ती काय करते ते पंधरा मिनिटे वहीत लिहा. मग पाच मीटरवर बसून पुन्हा लिहा. दोन्ही नोंदींत फरक पडला, तर तो साळुंकीमुळे की तुमच्यामुळे? उत्तर सापडले की मग खुशाल ताडोबाला या. परत गेल्यावर मित्र विचारतील, "वाघ दिसला का?" तुम्ही मात्र तो काय करीत होता, ते सांगा.