गूळ, दूध आणि आजीची खीर

स्वयंपाकघरातली शाळा

मुलामुलींनो,

या आठवड्यात तुम्हांला कोहळ्याचे बोंड शिकवायचे, एवढाच माझा बेत होता. पण ढाणकीहून एक पत्र आलं आणि बोंडांच्या आधी खिरीकडे वळावं लागलं.

ढाणकी कुठे आहे ते नकाशात शोधा बरं. यवतमाळ जिल्हा, उमरखेड तालुका. तिथून पैनगंगा ओलांडली की मराठवाडा सुरू होतो. पत्र पाठवणारी मैत्रीण आठवीत आहे. नाव छापू नका असं तिने दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही.

तर झालं असं. तिच्या आजीला गेल्या वर्षी शुगर निघाली. म्हणजे मधुमेह. त्या दिवसापासून आजीचा चहा बिनसाखरेचा. पण शेजारच्या काकू म्हणाल्या, मामा म्हणाले, लग्नात भेटलेलं प्रत्येक माणूस म्हणालं की साखर नको, पण गुळाचं चालतं! आमच्या मैत्रिणीला वाटलं, मग आजीसाठी गुळाची खीर का करू नये? रविवारी आई शेतावर गेलेली. हिने गंजात दूध उकळलं, शेवया टाकल्या आणि वरून गुळाचा चांगला मोठा खडा सोडला. दोन मिनिटांत दुधाच्या गाठी झाल्या आणि खाली हिरवट पाणी उरलं. आजीने हसत हसत दोन चमचे खाल्ले, पण हिला रडू आवरेना. (गंज म्हणजे पातेलं. लोखंडावर चढतो तो गंज नव्हे! विदर्भातल्या मुलांना हे सांगायला नको.)

तिने दोन प्रश्न विचारलेत. दूध का फाटलं? आणि आजीला गूळ किती चालतो? पहिला प्रश्न सोपा आहे. दुसऱ्याचं उत्तर तिला आवडणार नाही, पण ते टाळून चालायचं नाही.

आधी गूळ होतो कसा ते पाहू. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळायला ठेवतात. रस मुळातच किंचित आंबट असतो. त्यात थोडी चुन्याची निवळी घालतात, त्यामुळे आंबटपणा कमी होतो. काही ठिकाणी भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, म्हणजे मळी वर येते आणि झाऱ्याने काढून टाकता येते. मग रस आटत जातो. आधी काकवी होते, आणखी आटली की गूळ. नेमका कुठे थांबायचं हे ठरवणारा गुळव्या. तो थोडा पाक थंड पाण्यात टाकतो. गोळी वळली की काहील उतरवायची. जरा घाई झाली तर गूळ चिकट राहतो, जरा उशीर झाला तर करपतो. शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलो गूळ निघतो.

साखरेचं वेगळं. ढाणकीच्या तालुक्यातच पोफाळीला साखर कारखाना उभा राहिला, तिथल्या मुलांनी उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पाहिलेच असतील. कारखान्यात रस स्वच्छ करून आटवतात, त्याचे स्फटिक होऊ देतात आणि ते गरगर फिरवून मळीपासून वेगळे काढतात. म्हणून साखर जवळजवळ शुद्ध असते. गुळात मात्र रसातलं बरंच काही मागे राहतं. थोडे क्षार, थोडी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, रंग, वास आणि थोडासा आंबटपणाही. गूळ जुना झाला, पावसाळ्यात पाघळला, की तो जास्तच आंबट होतो.

आता दुधाकडे या. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. त्याचे बारीक बारीक कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात. आंबट काही पडलं की हे ढकलणं थांबतं आणि कण एकमेकांना चिकटतात. दूध उकळतं असेल तर थोडा आंबटपणाही पुरतो. लिंबू पिळल्यावर जे होतं तेच हळू चालीने गुळाने झालं. मैत्रिणी, तुझा हात वाईट नव्हता, तुझा क्रम चुकला.

खात्री करून घ्यायची आहे? आई किंवा बाबा जवळ असताना दोन वाट्यांत थोडं थोडं कडकडीत दूध घ्या. एका वाटीत नुसता गूळ टाका. दुसऱ्या वाटीत तेवढाच गूळ, पण आधी दुधात चिमूटभर खायचा सोडा. सोडा आंबटपणा मारतो, म्हणून दुसरी वाटी बहुधा शाबूत राहते. पहिली फाटली नाही तर तुमचा गूळ ताजा आहे, शाबास! (खिरीत मात्र सोडा घालू नका. चव बिघडते.)

आपल्या आज्या-पणज्यांना केसीनचं नाव ठाऊक नव्हतं, पण क्रम ठाऊक होता. गव्हाची खीर गुळात शिजवायची आणि दूध ताटात वाढताना वरून घालायचं. गुळाचा चहा करायचा तर कोराच उकळायचा, दूध खाली उतरवल्यावर.

तशीच खीर करा. अर्धी वाटी शेवया चमचाभर तुपावर लालसर भाजा. एक वाटी उकळतं पाणी घालून मऊ शिजू द्या. पूर्ण शिजल्यावरच अर्धी वाटी किसलेला गूळ घाला, कारण गूळ आधी पडला तर शेवया कडक राहतात. दोन मिनिटं उकळा आणि गंज खाली उतरवा. बोट सहज बुडवता येईल इतकं निवलं की दोन वाट्या दूध घाला. दूधही आधी तापवून थंड केलेलं हवं. वेलदोड्याची पूड टाका. पुन्हा चुलीवर चढवू नका, नाहीतर मला आणखी एक पत्र येईल!

आता ठरल्याप्रमाणे बोंड. पुण्यामुंबईच्या वाचकांनो, तुमचा कोहळा पांढरा, पेठ्याचा. विदर्भात कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा. तुम्ही ज्याचे घारगे करता त्याचेच आम्ही बोंड करतो. दोन वाट्या किसलेलं कोहळं आणि पाऊण वाटी गूळ एकत्र करून मंद आचेवर ठेवा. पाणी अजिबात नको, कोहळ्याला स्वतःचंच पाणी सुटतं. कीस मऊ झाला की उतरवून निववा. चिमूटभर मीठ, वेलदोडे, चमचाभर गरम तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक घाला. दीड-दोन वाट्या लागते. हाताने सोडता येईल इतपत घट्ट झालं की पुरे. कोहळं जून असलं की कणीक कमी लागते, कोवळं असलं की जास्त, म्हणून सगळी एकदम ओतू नका. तळायचं काम मोठ्या माणसाने करायचं. आच मध्यम हवी. गुळातल्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमुळे बोंड साखरेच्या पदार्थापेक्षा लवकर लाल होतात. मोठ्या आचेवर बाहेरून काळे आणि आतून कच्चे! तीच ग्लुकोज-फ्रुक्टोज हवेतलं पाणी धरून ठेवते, म्हणून बोंड दुसऱ्या दिवशीही मऊ लागतात. शाळेच्या डब्यात न्यायला यासारखं दुसरं काही नाही, असं माझं मत.

गूळ घेताना एक बघा. दुकानात पिवळाधमक गूळ समोर मांडलेला असतो आणि तपकिरी मागे. गिऱ्हाईक रंगाला भुलतं, म्हणून काही गुऱ्हाळांत रस उजळ करायला सोडियम हायड्रोसल्फाइट, बाजारात ज्याला हायड्रॉस म्हणतात ते, वापरतात. तपकिरी दिसला म्हणजे गूळ वाईट, असं मुळीच नाही. मी तर मागचाच मागून घेते.

यापुढचं आईबाबांनीही वाचावं.

मैत्रिणी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, की शुगरच्या माणसासाठी गूळ म्हणजे साखरच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात 100 ग्रॅम साखरेची ऊर्जा 398 किलोकॅलरी आहे आणि 100 ग्रॅम गुळाची 383. फरक पंधराचा. गुळाचा मोठा भाग साखर ज्या सुक्रोजची असते त्याच सुक्रोजचा असतो. पोटात गेल्यावर त्याचे तेच दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि ग्लुकोज रक्तात उतरतं. रंग तपकिरी आहे म्हणून रक्त त्याला सूट देत नाही. काकवी, मध, खडीसाखर यांचंही तसंच. तुमच्याकडे पैनगंगेच्या जंगलात मोहाची गोड फुलं मिळतात, त्यांच्यातही साखरच भरलेली.

पण गुळात लोह असतं ना? असतं. याच संस्थेच्या तक्त्यात 100 ग्रॅम गुळात 2.64 मिलिग्रॅम. आजीला 20 ग्रॅमचा खडा दिला तर अर्धा मिलिग्रॅम लोह. आठवीतल्या मुलीला दिवसाला सुमारे 30 मिलिग्रॅम लागतं. लोहासाठी गूळ खायचा तर रोज एक ढेप संपवावी लागेल! हरभरा, बाजरी, तीळ, पालेभाजी आणि वरून लिंबू, हा रस्ता बरा. लिंबाने अंगात लोह जास्त शोषलं जातं.

मग गूळ वाईट का? छे! तुम्हांआम्हांला खमंग वासासाठी गूळ जरूर खावा, मीही खाते. मला राग येतो तो चालतं म्हणणाऱ्यांचा. साखर बंद केल्यावर माणूस जपून वागतं. गूळ चालतो म्हटलं की जपणं सुटतं. सकाळी गुळाचा चहा, दुपारी गूळ-शेंगदाणे, रात्री पोळीवर गूळ-तूप, आणि शुगर कमी का होत नाही म्हणून गोळीला दोष. आजीने किती गोड खायचं, खायचं की नाही, हे तिच्या गोळ्या आणि तपासणीचे आकडे पाहून तिच्या डॉक्टरांनी सांगायचं. शेजारच्या काकूंनी नाही, मामांनी नाही आणि मीही नाही. पुढच्या तपासणीला आजीबरोबर तू जा आणि हा प्रश्न तूच विचार.

एका वेळी मात्र गूळ किंवा साखर आजीला ताबडतोब लागते. शुगरच्या काही गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने रक्तातली साखर कधी एकदम खाली जाते. उपाशी राहिली, जेवायला उशीर झाला, तर असं होतं. अंगाला दरदरून घाम येतो, हात थरथरतात, माणूस गोंधळल्यासारखं बोलतं. अशा वेळी आजी शुद्धीत असेल आणि नीट गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजायची आणि मोठ्यांना हाक मारायची. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच द्यायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. घरात शुगरचं माणूस असेल तर ही गोष्ट घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत हवी.

आजीला तुझ्या हातचं काहीतरी द्यायचंय, ते मला कळतंय. त्यासाठी गोडच हवं असं कुणी सांगितलं? ज्वारीच्या पिठात किसलेलं कोहळं, तीळ, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून धपाटे कर. कोहळ्याची किंचित गोडी त्यात येते. सोबत घट्ट दह्याची वाटी. आजीचे दात कसे आहेत ते तू लिहिलं नाहीस, म्हणून सांगते, पीठ कोमट पाण्याने मळ, धपाटे मऊ होतील. किती खायचे ते मात्र आजीच्या रोजच्या भाकरीच्या हिशेबात धर, भाकरीवर आणखी वरून नको.

आणि हो, पत्राच्या शेवटी लिहिलंयस की फाटलेली खीर आईने म्हशीपुढे ठेवली. पुन्हा कधी असं झालं आणि दूध ताजं असेल, तर म्हशीला देण्याआधी थांब. शेवया बाजूला काढ, बाकीचं पातळ फडक्यात गाळून टांगून ठेव. तासाभराने आत मऊ गोळा उरेल, त्यात वेलदोडा कुस्करून घाल. तुझ्यासाठी आणि भावंडांसाठी झकास. कसं लागलं ते कळव, या वेळी नाव छापायचं की नाही तेही!

तुमची,
ताई