अंगणातील कोंबडी आणि शंभरांची बाटली

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिक अंकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली, की आपले विषय जणू ठरलेलेच असतात. हुंडा, स्त्रीशिक्षण, राष्ट्रीय एकात्मता, ग्रंथ हेच गुरू! हे विषय थोर आहेत यात शंका नाही. परंतु त्यांवर माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. मी कोंबडीवर लिहिणार आहे. वाचकहो, हसू नका. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि मला त्या पायरीपर्यंत आणण्यात माझ्या आईच्या सात-आठ कोंबड्यांचाही वाटा आहे. वडिलांचे पैसे खताला आणि बियाण्याला जातात. वही, एस. टी.चे भाडे, परीक्षेचा अर्ज असा अडीनडीचा खर्च निघतो तो अंड्यांच्या आणि एखाद्या कोंबड्याच्या पैशांतून.

आपले देगलूर हे सीमेवरचे गाव. पलीकडे तेलंगणा, खाली कर्नाटक. बाजारात उभे राहिले तर कोणी 'कोंबडी' म्हणतो, कोणी 'कोडी', कोणी 'कोळी', तर कोणी 'मुर्गी'. भाषा चार, पण ती पाळणारी बहुतेक घरांत एकच असते. ती म्हणजे घरची बाई. शेत नवऱ्याच्या नावावर, बैल त्याचे, म्हशीच्या दुधाचा हिशोबही बहुधा त्याच्याकडे. पण कोंबडी तिची. अंडी विकून आलेल्या पैशाला कोणी फारसे विचारत नाही. म्हणून मी कोंबडीला क्षुल्लक विषय मानीत नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात एकूण 85 कोटी कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यांपैकी जवळजवळ 32 कोटी पक्षी अंगणात-परसात वाढणारे होते, आणि त्यांची संख्या मागील गणनेपेक्षा 46 टक्क्यांनी वाढलेली होती. एवढा मोठा व्यवसाय बायकांच्या हातात आहे, आणि तरीही 'तुमची आई काय करते?' या प्रश्नाला आपण 'काही नाही, घरीच असते' असे उत्तर देतो!

अलीकडे शहरातील लोकांना गावठी अंड्याचे फार प्रेम आले आहे. 'नैसर्गिक पद्धतीने वाढविलेली कोंबडी' असे म्हटले, की गिऱ्हाईक पांढऱ्या अंड्यापेक्षा जास्त पैसे आनंदाने मोजते. आपल्याला चार पैसे मिळतात, तेव्हा तक्रार कशाला करायची? माझी तक्रार या प्रेमाबद्दल नाही. त्यामागे जी समजूत आहे तिच्याबद्दल आहे. नैसर्गिक म्हणजे काय, तर कोंबडी सकाळी सोडायची, ती उकिरडा उकरून पोट भरते, रात्री परत येते, अंडे देते. खर्च नाही, कष्ट नाही! ही समजूत शहरातल्यांचीच आहे असे नाही. आपल्या घरातील पुरुषमंडळींचीही तीच आहे. माझे म्हणणे असे, की नैसर्गिक आणि वाऱ्यावर सोडलेले या दोन गोष्टी एक नाहीत.

नैसर्गिक पद्धतीत किती काम असते ते पाहा. कोंबडी खुडूक झाली, की तिला बसविण्यापूर्वी आई अंडी निवडते. फार लहान, फार मोठे, तडा गेलेले अंडे ती बाजूला काढते. टोपलीत भुसा, त्याखाली राख आणि कडुनिंबाचा पाला घालते, कारण बसलेली कोंबडी एकवीस दिवस फारशी उठत नाही आणि उवा-पिसवा नेमक्या तेव्हाच तिला खातात. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात विजेरी लावून ती अंडी पाहते. ज्यात लाल शिरांचे जाळे दिसत नाही ते अंडे काढून टाकते. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते. यंत्रात हेच काम मोटर करते. आईने जीवशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नाही, पण वैशाखात कोंबडी बसवू नये हे तिला पक्के ठाऊक आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. त्या उष्म्याने कोंबडीखाली न ठेवलेल्या अंड्यातही गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी टाकून धापा टाकते. तेव्हा तिला सावली लागते आणि दिवसातून तीनदा बदललेले गार पाणी लागते. ज्या गावात माणसांनाच हंडे घेऊन फिरावे लागते, तिथे कोंबडीच्या परळात पाणी कोण घालते? पुन्हा तीच.

पिले निघाल्यावर पहिले तीन-चार आठवडे त्यांना स्वतःची ऊब धरता येत नाही. आईच्या पंखाबाहेर पाऊस लागला की संपले. वर घार, खाली मुंगूस, रात्री रानमांजर, अंड्यांना साप. बारा पिलांतली पाच-सहा मोठी झाली तर बाई स्वतःला भाग्यवान समजते. डालग्याखाली पिले झाकून ठेवावीत तर त्यांना किडेमुंगी मिळत नाही, आणि मोकळी सोडावीत तर घार टपलेली. रोज सकाळी हा निर्णय करावा लागतो. यालाच आपण 'काही नाही, घरीच असते' म्हणतो.

शिवाय निसर्ग तरी पूर्वीचा राहिला आहे काय? आजी सांगते, की पूर्वी खळ्यावर ज्वारीची रास पडे. मळणीनंतर मातीत मिसळलेल्या दाण्यांवर कोंबड्या दोन-दोन महिने जगत. मराठवाड्यात ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आले. आमच्या शिवारातही तेच झाले. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला हे खरे. पण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा घटक असतो, आणि भाजल्या-शिजवल्यावाचून ते कोंबडीला मानवत नाही. गंमत अशी, की याच सोयाबीनचे तेल काढल्यावर उरणारी पेंड मोठ्या पोल्ट्रीतील कोंबड्यांच्या खुराकात प्रथिनांचा मुख्य स्रोत आहे. आमच्या शेतातले धान्य दूरच्या शेडमधील कोंबडीच्या पोटात जाते, आणि आमच्या अंगणातली कोंबडी उकिरड्यावर प्लास्टिकच्या पिशव्या उकरते! पेरणीच्या दिवसांत आणखी एक संकट येते. औषध चोळलेले लालगुलाबी बियाणे बांधावर सांडलेले असते. कोंबडी ते टिपते आणि संध्याकाळी परत येत नाही. मग शेजाऱ्यांशी भांडण. म्हणून 'सोडली की झाले' हे सूत्र आजच्या गावाला लागू पडत नाही.

पण या साऱ्यांहून मोठा वैरी म्हणजे मानमोडी. कोंबडी सुस्त होते, हिरवट पातळ हगते, मान वाकडी होऊन मागे वळते, आणि चार दिवसांत सारे खुराडे रिकामे होते. या रोगाचे पुस्तकी नाव राणीखेत. 1926 मध्ये तो जावा बेटात आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आढळला, म्हणून जग त्याला न्यूकॅसल रोग म्हणते. आपल्या देशात 1927 मध्ये तो कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे ओळखला गेला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे झाली! या शंभर वर्षांत लस निघाली, ती स्वस्त झाली, आणि मोठ्या पोल्ट्रीत प्रत्येक पिलाला मिळू लागली. आमच्या गल्लीत मात्र आजही लसूण, हळद आणि 'मरीआईची मर्जी' हेच उपाय आहेत. लसूण-हळदीला मी नावे ठेवीत नाही. त्यांचा उपयोग जिथे आहे तिथे आहे. परंतु मानमोडी हा विषाणूचा रोग आहे. तो एकदा जडला, की त्यावर पाल्याचाही उपाय नाही आणि दवाखान्यातील इंजेक्शनचाही नाही. उपाय आहे तो आधी. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसऱ्या लसीची एक सुई.

मग बायका लस का देत नाहीत? त्या अडाणी आहेत म्हणून? हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. एक शेजारीण काकू एका दवाखान्यात आठ कोंबड्यांसाठी लस मागायला गेल्या होत्या. तिथल्या माणसाने विचारले, "बाई, बाटली शंभर कोंबड्यांची आहे. आठांसाठी कशी फोडू?" त्याचेही चुकले असे म्हणता येणार नाही. लसीची बाटली सहसा शंभर किंवा अधिक मात्रांची असते, बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवावी लागते. उरलेल्या ब्याण्णव मात्रा त्याने कुठे टाकाव्यात? ही बाटली शेड बांधणाऱ्याच्या हिशोबाने भरलेली आहे, अंगणवालीच्या हिशोबाने नाही. माझ्या मते अंगणातील कोंबडीचा खरा प्रश्न एवढाच आहे: बाटली शंभरांची आणि घर आठांचे.

काहीजण म्हणतील, की लस दिली तर कोंबडी नैसर्गिक कशी राहील? मी त्यांना विचारते, की आपल्याला लहानपणी लस टोचली होती, म्हणून आपण काय यंत्राची माणसे झालो? दुसरे काही म्हणतील, की गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. ती सोडा आणि सुधारित जात आणा. हैदराबादच्या संशोधन केंद्राने अंगणासाठीच वनराजा ही जात तयार केली, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज. त्या अंडी जास्त देतात आणि वजनानेही भरतात. त्या अवश्य आणाव्यात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे त्यांची अंडी उबवायला गावठी कोंबडीच लागते. आणि मानमोडी आली, की ती जात विचारून येत नाही.

हा प्रश्न एका घरापुरताही नाही. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आला, 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्याला, आणि 2025 च्या जानेवारीत आपल्या शेजारी उदगीरला कावळे मरून पडले तेव्हा तपासणीत तोच रोग निघाला. कावळा आणि अंगणातली कोंबडी एकाच उकिरड्यावर चरतात हे सांगायला नको. अशा वेळी सरकार रोगाच्या ठिकाणाभोवतीच्या एक किलोमीटरमधील कोंबड्या मारते आणि मारलेल्या कोंबड्यांची भरपाई देते. आधीच मेलेल्यांची देत नाही. म्हणजे लवकर कळविण्यातच शहाणपण आहे. परंतु गावात घडते उलटेच. चार कोंबड्या मेल्या, की उरलेल्या गुपचूप बाजारात नेऊन विकल्या जातात आणि मेलेल्या नाल्यात फेकल्या जातात. त्यामुळे एका गल्लीतला रोग तीन तालुक्यांत जातो. पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही!

तेव्हा काय करावे? आफ्रिकेतील मोझांबिक आणि टांझानिया या देशांत हाच प्रश्न होता. तिथे ऑस्ट्रेलियात तयार झालेली, उष्णता थोडी अधिक सोसणारी आय-टू नावाची लस वापरली गेली. गावातीलच स्त्री-पुरुषांना शिकविले, वर्षातून तीन महिने ठरविले, आणि त्या दिवसांत घरोघर जाऊन प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब टाकला. मालक कोंबडीमागे थोडे पैसे देतो, त्यातून थेंब टाकणाऱ्याची मजुरी निघते. त्यांना जे जमले ते आपल्याला जमणार नाही काय?

हिशोब अगदी सोपा आहे. घरी आठ कोंबड्या धरल्या, तर बारा घरे मिळून एक बाटली पुरी होते. बारा घरे म्हणजे आपली एक गल्ली! गावात 'उमेद'चे बचत गट आहेत, काही ठिकाणी प्रशिक्षित पशुसखी आहेत. नसलेले एवढेच, की त्या दिवशी घरोघर फिरून वही करणारे कोणी: कोणाकडे किती कोंबड्या, किती पिले, मागची लस केव्हा. हे काम लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाचे आहे, आणि आपण तेच शिकायला इथे येतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले सात दिवसांचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावात होते. आपण रस्ता झाडतो, पथनाट्य करतो, समारोपाला हारतुरे होतात. माझी सूचना अशी, की शिबिराच्या आधी गल्लीवार यादी करावी. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना तारीख विचारावी. पहाटे, कोंबड्या खुराड्यातून सोडण्यापूर्वी, बर्फाचा डबा घेऊन निघावे आणि दोन तासांत एक गल्ली संपवावी. शिबिर हिवाळ्यात ठेवावे, म्हणजे उन्हाळ्यातील मानमोडीच्या आधी कोंबड्यांना संरक्षण मिळेल. आणि आठ-दहा आठवड्यांनी नवीन पिलांसाठी पुन्हा जावे, कारण एकदा जाऊन फोटो काढण्याने हे काम होणार नाही.

त्याबरोबर चार गोष्टी सांगता येतील. बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवा. मेलेली कोंबडी चुना टाकून खोल पुरा. अंड्यांची टरफले कुटून परत कोंबड्यांना घाला. पेरणीच्या दिवसांत त्यांना कोंडून दाणा द्या. या गोष्टी सांगायला जाऊ तेव्हा ऐकायचीही तयारी ठेवावी. आपल्या पुस्तकात नसलेल्या दहा गोष्टी त्या बायका आपल्याला सांगतील.

शिकलेल्या मुलीने कोंबड्यांच्या मागे धावावे काय, असे आमच्या गावात विचारतात. मला वाटते, जिच्या अंड्यांवर आपण शिकलो तिच्या डोळ्यात वेळेवर एक थेंब टाकण्याइतके तरी शिक्षण आपल्याला कामी यावे. येत्या शिबिरासाठी माझ्या गल्लीची यादी मी करून ठेवली आहे. त्यात बारा घरे आणि एकशे तीन कोंबड्या आहेत. तीन जास्त भरतात. त्यांचे काय करायचे ते पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना आधीच विचारून ठेवू.