फोन कट करण्याचं धाडस

‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत.’ नाहीतर, ‘तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय.’ सुरुवात बहुधा अशीच होते. मग व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे तिरंगा, टेबलावर फायलींचा गठ्ठा. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, मुलाला कळवलंत तर तोही आत जाईल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निवृत्त गृहस्थ बँकेत मुदतठेव मोडायला उभे.

या ‘डिजिटल अरेस्ट’ला अडाणीच बळी पडतात, हा समज आधी सोडावा. २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल यांच्याकडून ७ कोटी रुपये उकळले गेले. त्यासाठी भामट्यांनी चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली होती.

दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारणं सोपं आहे. पण मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकवलं जातं, आणि पोलीस ठाण्याबद्दलचं मत काही त्याहून बरं नाही. साधी हरवल्याची तक्रार द्यायला गेलेल्या माणसाला जिथे तासभर बाकावर बसवून ठेवतात, तिथे फोनवरची दरडावणी त्याला खरी वाटली तर नवल काय? नक्कल पटते, कारण अस्सल माल ओळखीचा असतो.

कायदा मात्र नेमका उलटा आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच घालून दिलेल्या नियमांनुसार अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही हवी आणि नातेवाइकांना कळवायलाच हवं. ‘कुणाला सांगू नका’ म्हणणारा पोलीस तिथेच खोटा ठरतो. चौकशीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावू नये, असंही याच न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. हे नियम ठसठशीत मराठीत प्रत्येक ठाण्याच्या आणि बँकेच्या दारावर का लागू नयेत? सायबर फसवणुकीपासून सावध करण्यासाठी अभिनेत्याच्या आवाजात ऐकवल्या गेलेल्या कॉलर ट्यूनपेक्षा ते स्वस्तही पडेल.

कर्नाटकातल्या विजयपूरच्या एका रहिवाशाने असा कॉल न डगमगता रेकॉर्ड केला. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये तो देशाला ऐकवला. काउंटरपलीकडून ‘काका, एवढी रक्कम कुणाला पाठवताय?’ असं विचारणाऱ्या बँक कर्मचाऱ्याचं धाडसही कमी नाही. ‘घर घेतोय’ हे उत्तर काकांना पढवलेलं असतं, खिशातला फोन चालूच असतो, रांग खोळंबलेली असते आणि काका चिडून साहेबांकडे तक्रार करण्याची शक्यताच जास्त. तरी काही जण विचारतात, घरच्यांना फोन लावतात, आणि ठेव वाचते.

पैसे गेल्यावर लागतं ते निराळंच धैर्य. ‘एवढं कसं कळलं नाही?’ हा मुलाचा प्रश्न चुकवण्यासाठी कित्येक ज्येष्ठ गप्प बसतात. इकडे रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहांत पांगते. १९३० या क्रमांकावर लगेच कळवलं तर ती वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते. त्यामुळे घरच्यांनी उलटतपासणी नंतर करावी, आधी हा नंबर फिरवावा.