गोलकीपरसाठी थांबणार कोण?

मैदानाच्या कडेने

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच महिन्याच्या 22 तारखेला मेलबर्नमध्ये ऑलिंपिक सुरू झाले आणि भारताचा फुटबॉल संघ तिथे चौथा आला. पहिल्या घटनेविरुद्ध आपल्या भागात आजही दर वर्षी मोर्चा निघतो, दुसरी इथल्या फुटबॉलवाल्या पोरांनाही धड माहीत नसते. या स्तंभाचा विषय दुसरी घटना आहे, पण पहिलीला वगळून ती सांगता येत नाही.

प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी मेलबर्नला नेलेल्या त्या संघात दोन गोलकीपर होते. पीटर थंगराज हैदराबादचे, सहा फुटांच्या वर उंच, मद्रास रेजिमेंटल सेंटरचे जवान. दुसरे एस. एस. नारायण. जन्म 1934 चा, केरळातल्या ओट्टपालमचा. वाढले मात्र मुंबईत, माटुंग्याला. नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, आपण 4-2 ने जिंकलो. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियावर पहिला गोलही आपलाच होता. मग चार खाल्ले. ब्राँझसाठीच्या लढतीत बल्गेरियाने 3-0 ने हरवले. चार वर्षांनी रोमलाही हेच दोघे गेले. दोन ऑलिंपिकला जाऊन आलेले नारायण ऑगस्ट 2021 मध्ये ठाण्यात वारले, तेव्हा वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या.

या दोघांचे पोट कशावर चालायचे, हा मला त्यांच्या गोल अडवण्याहून महत्त्वाचा प्रश्न वाटतो. थंगराजना लष्कर पगार देत होते. नारायण मुंबईत कॅल्टेक्सकडून आणि टाटांकडून खेळले. कॅल्टेक्स ही तेलकंपनी. तिच्या संघाने 1958 चा रोव्हर्स कप जिंकला. त्या काळी मुंबईत फुटबॉल म्हणजे कंपन्या, रेल्वे, पोलीस, बंदर आणि कूपरेजचे मैदान. दुपारपर्यंत टेबलावर, संध्याकाळी मैदानावर, आणि एक तारखेला पगार. फुटबॉलने कुणी श्रीमंत झाले नाही, पण चुकलेल्या एका सामन्यामुळे कुणाची चूलही विझली नाही.

‘पूर्ण वेळ’ फुटबॉल खेळणाऱ्या इंग्लंडचे चित्र फार वेगळे होते असेही नाही. तिथे खेळाडूच्या पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती. 1961 मध्ये ती उठली तेव्हा आठवड्याला 20 पौंड हा कमाल आकडा होता. मँचेस्टर सिटीचा बर्ट ट्राउटमन जर्मन युद्धकैदी म्हणून इंग्लंडला आला आणि 1949 ते 1964 त्या एकाच क्लबकडून 545 सामने खेळला. 1956 च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात समोरच्या खेळाडूवर आदळून त्याच्या मानेचे हाड मोडले. बदली खेळाडू घ्यायचा नियमच नव्हता, त्यामुळे शेवटची पंधराएक मिनिटे तो तसाच उभा राहिला. मान मोडली आहे हे काही दिवसांनी एक्स-रे काढल्यावर कळले.

तेव्हाची गोलकीपरी अशी होती. चेंडू चामड्याचा, पावसात पाणी पिऊन जड व्हायचा. हातात चेंडू असलेल्या कीपरला खांद्याने धडक देणे नियमात बसायचे. 1958 च्या एफ. ए. कप फायनलमध्ये नॅट लॉफ्टहाउसने हॅरी ग्रेगला चेंडूसकट जाळ्यात ढकलले आणि पंचांनी गोल दिला! आज हे चालत नाही, पण कीपरचे काम सोपे झालेले नाही. 1992 पासून सहकाऱ्याने पायाने दिलेला चेंडू हातात धरता येत नाही. म्हणजे आता कीपरला हातांइतकेच पाय लागतात. शिकायचे वाढले, आणि शिकायला लागणारा काळही.

माझा मुद्दा याच काळाचा आहे. फॉरवर्ड अठराव्या वर्षी चमकतो. गोलकीपर पिकायला तिशी उजाडते, कारण कोणता चेंडू सोडायचा, कधी पुढे यायचे, बॅकला कधी ओरडायचे हे गोल खाऊन खाऊनच कळते. थंगराजना अर्जुन पुरस्कार 1967 मध्ये मिळाला, वय 31. महाराष्ट्राने 1964 मध्ये संतोष ट्रॉफी जिंकली त्या संघातले नारायण 29 वर्षांचे होते. इटलीचा डिनो झॉफ चाळिशीत विश्वविजेता कर्णधार झाला. आणि संघात जागा एकच. पहिला कीपर नीट चालत असेल तर दुसरा चार-चार वर्षे बाकावर बसतो. तेवढा वेळ त्याला कुणीतरी पोसावे लागते.

मेलबर्नला सुवर्णपदक जिंकणाऱ्या सोव्हिएत संघाच्या लेव्ह याशिनकडे पाहा. 1950 मध्ये मॉस्को डायनॅमोकडून उतरला, आणि एका मैत्रीच्या सामन्यात समोरच्या गोलकीपरने लांब मारलेला चेंडू याच्या जाळ्यात गेला. कुठल्याही गल्लीतल्या संघाने दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवले असते. डायनॅमोने बाजूला केले, पण सोडले नाही. मधली वर्षे तो क्लबच्या आइस हॉकी संघाचा गोल राखत होता, 1953 मध्ये त्या खेळातला सोव्हिएत कपही जिंकला. मग परतला, आणि 1963 मध्ये बॅलन डी’ओर मिळवणारा पहिला गोलकीपर ठरला. आजवर दुसरा झालेला नाही. गुण त्याचे होतेच, पण थांबण्याची कुवत क्लबची होती.

आता बेळगावकडे येऊ. 1956 आधी इथल्या चांगल्या कीपरचा रस्ता सरळ होता: मीटरगेजने पुणे, तिथून मुंबई. चंदगड-खानापूरकडची माणसे गिरण्यांत होती, त्यांच्या खोल्यांवर पथारी टाकायला जागा मिळायची, मराठी बोलून भागायचे. राज्य बदलले तशी निवडीची दिशा बेंगळुरूकडे वळली. भाषा वेगळी, ओळखी शून्य. पण राज्य बदलले म्हणून आपले कीपर बुडाले, असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. म्हैसूर काही कच्चे नव्हते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा गोल राखणारे के. व्ही. वरदराज तिकडचेच, आणि संतोष ट्रॉफी म्हैसूरने मुंबईच्या आधी जिंकली. बेंगळुरूतही एचएएल, आयटीआय यांसारखे कारखाने खेळाडूंना नोकरीत घेत होते. शिडी बदलली होती, पायऱ्या शाबूत होत्या.

पायऱ्या निखळल्या त्या नंतर. रोव्हर्स कप या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडला. महिंद्रा युनायटेडने 2010 मध्ये संघ गुंडाळला, फगवाड्याच्या जेसीटीने 2011 मध्ये. 2014 ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली, पैसा आला, वरच्या मूठभरांचे भले झाले. गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला, तिथे बराच काळ दुसरा कीपर म्हणून बसला, शिकला आणि बेंगळुरू एफसीत येऊन देशाचा पहिला कीपर म्हणून टिकला. त्याच्यासाठी थांबायला युरोपातला एक क्लब होता. बेळगावच्या लेले मैदानावर चिखलात झेपावणाऱ्या सतरा वर्षांच्या पोरासाठी कोण आहे?

निपाणीच्या पोरांची आणखी वेगळी तऱ्हा. कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर, बेंगळुरू साडेपाचशेच्या पुढे. मन शाहू स्टेडियमवर, तालमींच्या झुंजीत. पण तिथल्या मंडळांनाही हंगामापुरता तयार माल हवा असतो. बाहेरून, अगदी परदेशातूनही खेळाडू आणले जातात. कच्चा कीपर घेऊन त्याला घडवत बसायला तिकडेही सवड नाही. आपल्या स्पर्धांमध्ये तर ज्याला पुढे पळता येत नाही त्याला पोस्टखाली उभा करायची जुनी रीत आहे. पेनल्टीवर हरलो की शिव्याही त्यालाच.

कुणी म्हणेल, कंपन्यांच्या नोकरीचे कौतुक पुरे. त्या व्यवस्थेने खेळाडूंचे कारकून केले. खरे आहे. साहेब बदलला की संघ मोडायचा, आणि नोकरी पक्की झाली की सराव सुटलेलेही बरेच निघायचे. ती व्यवस्था जशीच्या तशी परत आणा, असे मी म्हणत नाही, ती येणारही नाही. तिच्यातली एकच गोष्ट हवी आहे: महिन्याचा ठरलेला पैसा, निकालावर अवलंबून नसणारा, निदान तीन वर्षे.

आणि त्यासाठी बेंगळुरू किंवा मुंबईच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. बेळगाव-निपाणी पट्ट्यात सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, शिक्षणसंस्था रग्गड आहेत. प्रत्येक स्पर्धेला यांचीच नावे फलकावर असतात, यांचेच चषक कमरेएवढे उंच असतात. एका मोठ्या स्पर्धेच्या मांडवाचा, चषकांचा आणि डिजिटल फलकांचा खर्च जोडून पाहा. त्यात दोन कीपरांचा खुराक, ग्लोव्हज आणि आठवड्यातून तीन दिवस येणारा गोलकीपिंगचा प्रशिक्षक निघतो. सैन्याने हे आपल्याच गावात करून दाखवले आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे: पोरगा लहानपणी घ्यायचा, शाळा आणि खेळ दोन्ही सांभाळायचे, निकालाची घाई करायची नाही.

तेव्हा पुढच्या हंगामाआधी आयोजकांनी एवढेच करावे. पहिल्या बक्षिसाची रक्कम थोडी कमी करा आणि ‘उत्कृष्ट गोलरक्षक’ म्हणून देता ती शोभेची बाहुली बंद करा. त्याऐवजी सोळा-सतरा वर्षांचे दोन कीपर निवडा, त्यांच्या घरच्यांसमोर तीन वर्षांचा करार वाचून दाखवा, आणि पहिल्या वर्षी त्यांनी सोपे गोल खाल्ले तरी तो फाडू नका.