बुल रनचे पळपुटे?

संपादक महाशय,

अमेरिकी यादवीतील बुल रनच्या लढाईत (21 जुलै 1861) उत्तरेचे सैन्य 'पहिल्या गोळीलाच पळाले', हे आपल्या लेखकाचे विधान साफ चुकीचे आहे. उत्तरेचा सेनापती मॅकडॉवेल याच्या तुकड्यांनी सडलीपाशी ओढा ओलांडून शत्रूची डावी बगल गाठली; दुपारपर्यंत मॅथ्यूज टेकडीवरून मागे हटत होते ते दक्षिणेचेच सैनिक. हेन्री हाउस टेकडीवर दक्षिणेच्या जॅक्सनने पाय रोवले, हे मान्य. पण पारडे एकट्या त्याने फिरवले नाही. उत्तरेच्या ग्रिफिनच्या तोफांसमोर निळ्या गणवेशातली पलटण आली, ती आपलीच समजून मारा रोखला गेला, आणि ती निघाली दक्षिणेच्या व्हर्जिनियाची! तोफा गेल्या. शिवाय शेननडोआ खोऱ्यातून दक्षिणेच्या जॉन्स्टनची फौज रेल्वेने येऊन मिळाली होती. तिला तिथेच अडकवून ठेवणे उत्तरेच्या सेनानी पॅटरसनचे काम होते. लेखात त्या गृहस्थाचे नावही नाही!

वॉशिंग्टनहून मजा बघायला आलेल्या मंडळींमुळे सैन्य उधळले, हीही ऐकीव गोष्ट. त्यातले बहुतेक सेंटरव्हिलजवळ, कित्येक मैल मागे होते. माघार चारच्या सुमारास सुरू झाली. परतीच्या वाटेवरील कब रन ओढ्याच्या पुलावर गाडी उलटून वाट अडली, तेव्हा तिची पळापळ झाली.

आपला,
एक वाचक, सातारा