हौदात पाणी कोण सोडतं?

आमच्या पवईतल्या इमारतीच्या लिफ्टला चौदा बटणं आहेत. शेजारचा एक मुलगा, असेल आठ-नऊ वर्षांचा, आत शिरला की खालून वर एकेक करत ती सगळी दाबतो. मधलं एखादं सुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही पाचसहाजण लिफ्टमध्ये होतो. कांजूरमार्ग स्टेशनपासून रिक्षाने यायला तास गेलेला, छत्र्या गळत होत्या, सगळेच वैतागलेले. मुलाने सुरुवात केली तसं एका गृहस्थांनी त्याचा हात धरून बाजूला केला. "अहो, जरा आवरा की याला."

मुलगा खाली बसला. दोन्ही हात कानांवर, आणि तोंडातून एकच लांबलेला सूर. आई आधी सगळ्यांना "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली. मग मुलावर खेकसली. तिचा हात उगारला गेला आणि हवेतच थांबला. दार उघडल्यावर, मजला आपला नाही हे ठाऊक असूनही, ती त्याला ओढत बाहेर पडली. दार बंद होताना दिसलं ते एवढंच, की ती भिंतीशी उभी आहे आणि डोळे कुठेच बघत नाहीत. सारं दोनतीन मिनिटांत आटोपलं. मी काय केलं? घड्याळ बघितलं.

दरवर्षी 2 एप्रिल येतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2007 मध्ये ठराव केला आणि 2008 पासून हा दिवस जागतिक ऑटिझम जागरूकता दिन म्हणून पाळला जातो. इमारतींवर निळी रोषणाई होते, शाळांत चित्रकला स्पर्धा होतात. मुलांबद्दल चार शब्द बोलले जातात, ते चांगलंच. पण त्या संध्याकाळपासून माझ्या डोक्यात मुलापेक्षा ती आई जास्त आहे. (जाता जाता: ऑटिझम असलेल्यांसाठीचा 'स्वमग्न' हा आपला शब्द मला फारसा पटत नाही. तो मुलगा स्वतःत मग्न नव्हता. लिफ्टमधला पंखा, ओल्या छत्र्यांचा वास, हातावरची अनोळखी पकड, सगळं त्याच्यावर एकदम चालून आलं होतं.)

हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 साली मांडलं, की संकट दिसताच शरीर लढायची किंवा पळायची तयारी करतं. अ‍ॅड्रेनलिन उसळतं, छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं, आणि शांतपणे विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग त्या घटकेपुरता मागे पडतो. पुढच्या अभ्यासकांनी यात आणखी दोन तऱ्हा जोडल्या: थिजून जाणं, आणि समोरच्याला जी-जी करून वेळ मारून नेणं. लिफ्टमधली आई या चारही दारांतून एका दमात गेली. आम्ही मात्र ठरवलं, बाईचा स्वभाव तापट आहे.

मुलाचंही तेच चाललं होतं. हट्ट करणारं मूल डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतं, कोणी बघतंय का. मेल्टडाऊनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन कोसळताना, ते बघणं नसतं; तिथे मूलच धोक्याच्या घंटेत सापडलेलं असतं. त्याची घंटा आईची वाजवते, आईची त्याची. अशा वेळी उपदेश कानात शिरत नाही. आवाज खाली, शब्द मोजके, दिवा मंद, श्वास लांब सोडायचा, हे थेरपिस्ट सांगतात. सांगतात ते खरंच, पण चारचौघांच्या नजरेखाली करून बघा.

हे एकदा घडलं तर शरीर सावरतं. रोज घडलं तर? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या किशोरवयीन व प्रौढ मुलांच्या आयांच्या लाळेतलं कॉर्टिसोल तपासलं. हे संप्रेरक सकाळी चढतं आणि दिवसभरात उतरतं. या आयांमध्ये त्याची पातळी खालावलेली सापडली, आणि तिची तुलना झाली ती युद्धावरून आलेल्या सैनिकांशी. घंटा वाजून वाजून बसली होती, म्हणा. आपल्याकडे अशा आईला 'निर्विकार झालीय' किंवा 'सवय झालीय तिला' म्हणतात. सवय कसली? शाळेचा नंबर मोबाइलवर दिसला तरी पोटात खड्डा पडतो, असं माझ्या ओळखीतले एक वडील सांगतात. फोन फी भरण्यासाठी आलेला असला तरी.

अकबर-बिरबलाची म्हणून सांगतात ती माकडिणीची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ असते. हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू. पाणी चढतं तशी ती पिल्लाला कडेवर, खांद्यावर, डोक्यावर घेते. नाकातोंडात पाणी जाऊ लागताच पायाखाली घेऊन उभी राहते. मायासुद्धा शेवटी आपल्या जिवापुरती, असं तात्पर्य काढून मोठी माणसं मोकळी होतात. हौदात पाणी सोडायचा हुकूम कोणाचा होता, काठावर उभं राहून मजा कोण बघत होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

आई-वडिलांकडे बोट दाखवण्यात विज्ञानही मागे नव्हतं. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ऑटिझमचं वर्णन केलं आणि पुढे या मुलांच्या पालकांना थंड, यांत्रिक ठरवलं. ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकात त्याच आरोपाला आणखी धार लावली. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी, जे स्वतः अशाच मुलाचे वडील होते, 1964 सालीच त्याचा पाया उखडला होता. आपल्याकडची आवृत्ती अजून चालू आहे: हिने मोबाइल हातात दिला, ही नोकरीला गेली, यांनी लाडावून ठेवलं. वडिलांवर आरोप त्या मानाने कमी होतात, कारण ते त्या वेळी ऑफिसात असतात.

हौदातलं पाणी अशा नळांनी चढतं. खासगी शाळा वर्गात मुलासोबत बसणारी शॅडो टीचर आणायला सांगते, तिचा पगार पालकांनी द्यायचा. थेरपीच्या पाऊण तासासाठी मेट्रोच्या कामांनी अडलेल्या जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर दोन तास. विभा कृष्णमूर्ती यांनी 2001 मध्ये सुरू केलेलं 'उम्मीद' हे बालविकास केंद्र लोअर परळला; पवईहून तिकडे जायचं म्हणजे निम्मा दिवस. टेकडीवरच्या फुलेनगरातून टॉवरमध्ये पोळ्या करायला येणारीचं मूल असं असेल तर निम्म्या दिवसाची मजुरीच बुडते.

पाणी काढताही येतं. गोव्यात 'संगथ' या संस्थेने वस्तीतल्याच, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांना आई-वडिलांसोबत बसवलं. गोवा आणि रावळपिंडीत झालेल्या त्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आले. आई-मुलातला संवाद सुधारलेला दिसला, आणि त्यासाठी मोठं रुग्णालय लागलं नव्हतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे सातांवरून एकवीस प्रकार केले, त्यांत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आल्या. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूदही त्यात आहे. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलमधल्या एका प्राध्यापक आईच्या याचिकेवर (तिच्या मुलाचा आजार वेगळा होता) बालसंगोपन रजेचा संबंध थेट स्त्रियांच्या नोकरीतल्या सहभागाशी जोडला. ही रजा मिळते सरकारी नोकरांना. पोळ्या करणारीला कुठली?

सोसायटीच्या बैठकीत मागे कोणीतरी सुचवलं, त्या कुटुंबाने सर्व्हिस लिफ्ट वापरावी. ठराव झाला नाही, पण विरोधही फार कोणी केला नाही. मीसुद्धा चहाचा कप खाली ठेवून गप्प बसलो होतो.

परवा संध्याकाळी ती दोघं पुन्हा भेटली. मला बघताच आईच्या तोंडून सवयीने "सॉरी" निघालं. मी बटणांपासून सरकून कोपऱ्यात गेलो. चौदा दिवे लागले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, कोणी नव्हतं. मुलाने बाहेर डोकावून पाहिलं, मान हलवली, दार मिटलं. चौथा. आईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. पाचवा.