संघ आणि विलय

संघ हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्याच्या पोटात काय दडले आहे हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. क्रिकेटचा संघ असतो, दूध उत्पादकांचा असतो, खरेदी-विक्रीचा असतो. आणि नुसते ‘संघ’ म्हटले तर वृत्तपत्रांच्या मथळ्यांत १९२५ साली नागपुरात स्थापन झालेल्या एका संघटनेचाच बोध होतो. लीग, युनियन, फेडरेशन आणि टीम या चारही शब्दांसाठी मराठीने हा एकच शब्द राबवला. त्यात भाषेचे दारिद्र्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण एकाच शब्दाकडून इतकी कामे करून घेणाऱ्याने निदान त्याचा मूळ अर्थ तरी विसरू नये.

‘संघ’ शब्दातील धातू आहे हन्. एरवी त्याचा अर्थ मारणे असा असला, तरी ‘सम्’ या उपसर्गाच्या संगतीत तो एकत्र आणून घट्ट करणे या अर्थाकडे वळतो. संहत, संहती हे शब्द त्याचेच सोयरे. पाणिनीने ‘संघ’ हा शब्द गण या अर्थी सिद्ध केला आहे, आणि शस्त्रावर उपजीविका करणाऱ्यांच्या संघांचाही तो उल्लेख करतो. ‘संघटना’ मात्र संघापासून निघालेली नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. तिचा धातू घट्, म्हणजे खटपट करणे, जुळवणे, घडवणे. राज्याच्या कायद्याला आपण ‘घटना’ म्हणतो ती याच कुळातली. (‘संघर्ष’ शब्दात संघ दिसतो खरा, पण तिथला धातू घृष्, म्हणजे घासणे, आहे. आपल्या सार्वजनिक संस्थांचे दप्तर चाळले तर हे तिन्ही धातू एकाच ठिकाणी नांदताना आढळतात ही गोष्ट वेगळी!)

तेव्हा संघ म्हणजे अनेकांनी घट्ट जुळणे. परंतु जुळणारे घटक नाहीसे होणे नव्हे. वैशालीच्या वज्जींचा संघ हे त्याचे प्राचीन उदाहरण. मगधाचा अजातशत्रू त्यांच्यावर चाल करून जाण्याच्या बेतात होता. त्याचा अमात्य वस्सकार बुद्धाला भेटला, तेव्हा बुद्धाने युद्धाची गोष्टच काढली नाही. वज्जी वरचेवर सभा भरवतात काय, एकमताने बसून एकमताने उठतात काय, ही त्याची चौकशी होती. जोवर हे चालले आहे तोवर त्यांची वृद्धीच होईल, असा त्याचा निर्वाळा होता. पुढे त्याच वस्सकाराने त्यांच्यात फूट पाडली, असे परंपरा सांगते. कौटिल्याने तर आपल्या ‘अर्थशास्त्रा’चे अकरावे अधिकरण संघांनाच वाहिले असून, संघात भेद कसा करावा हे तो बारकाईने सांगतो.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या तालुक्यांची नावेच पाहा. तिसवाडी म्हणजे तीस वाड्यांचा समुदाय, साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा. प्रत्येक गावाची गावकारी स्वतंत्र. जमीन, बांध, देवस्थान तिच्याच हाती. अफोंसो मेशियाच्या १५२६ च्या फोरालाने या व्यवस्थेचे रिवाज कागदावर आणले. ते निर्माण केले नाहीत. महालाच्या सामाईक कामासाठी या गावांचे गावकर एकत्र बसत आणि आपापल्या गावी परत जाताना आपला गाव आपल्याबरोबर घेऊन जात. गाव करील ते राव काय करील, ही म्हण अशाच भूमीत अर्थपूर्ण ठरते.

भारताच्या घटनेने देशाला ‘राज्यांचा संघ’ म्हटले आहे. हा संघ राज्यांनी आपसात केलेल्या कराराचे फळ नाही, म्हणून त्यातून फुटून निघण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला नाही, असा खुलासा डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत केला होता. सोव्हिएट संघाच्या घटनेत तो अधिकार लिहिलेला होता. १९९१ मध्ये त्याची पंधरा शकले झाली.

गोमंतकापुढे हे शब्द मतपत्रिकेवरचे प्रश्न होऊन आले ते १६ जानेवारी १९६७ रोजी. फुलाला मत म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांना मत म्हणजे संघप्रदेश. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, संघप्रदेशाला १,७२,१९१. त्या निकालाचा सल मराठीच्या अभिमान्यांच्या मनात दीर्घकाळ राहिला, हे आम्ही लपवीत नाही. पण शब्दाशी प्रामाणिक राहायचे तर दोन्ही पक्षांच्या भाषेत एकेक गफलत होती हे सांगितले पाहिजे. ज्याला संघप्रदेश म्हटले तो राज्यांच्या संघाचा घटक नव्हताच. केंद्राच्या कारभाराखालचा तो मुलूख होता, आणि संघातील राज्याचे स्थान त्याला ३० मे १९८७ रोजी मिळाले. उलट ‘विलीन’ शब्दात ली धातू आहे. मीठ पाण्यात विरावे तसे विरणे, हा त्याचा अर्थ. महाराष्ट्रात जाऊ इच्छिणाऱ्यांपैकी कितीजणांना आपला गोमंतक असा विरघळायला हवा होता?

तरीही त्या वेळी शब्दाला वजन होते. विलीनीकरण म्हणजे एका संपूर्ण प्रजेने आपले राजकीय अस्तित्व दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, आणि म्हणून ते प्रजेला विचारूनच करायचे, एवढे सर्वांना मान्य होते. आज हाच शब्द कोणत्या कामी लागला आहे? १९८५ मध्ये पक्षांतराला आळा घालण्यासाठी घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. त्याच्या चौथ्या परिच्छेदात विलीनीकरणाची सवलत आहे. दोन-तृतीयांश आमदार संमत असले की झाले. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपमध्ये ‘विलीनीकरण’ केले, २०२२ च्या सप्टेंबरात अकरापैकी आठांनी. मतदाराला कोणीही विचारले नाही.

सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे. ज्या पक्षाचा जन्मच विलीनीकरणाच्या मागणीतून झाला, त्याच्या तीनपैकी दोन आमदारांनी मार्च २०१९ मध्ये एका रात्रीत आपला विधिमंडळ गट भाजपमध्ये विलीन केल्याचे पत्र दिले. त्याविरुद्धची याचिका फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही फेटाळली. त्याच वर्षी, त्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली. विलीन झालेल्या या पक्षाने ती आपल्या सिंह चिन्हावर लढवली आणि त्याचे दोन आमदार निवडून आले.